प्रश्न क्रमांक चौदा

हर्णैच्या लॉजवर वीज गेली की
माझा अहवाल बॅटरीवर चालतो.
साठ टक्के. एकोणसाठ.
प्रकरण तिसरे : आयात, अवलंबित्व आणि किनारा.
खिडकीत सुवर्णदुर्ग, पाण्यात बसलेला.
तिथंही कुणी कारकून
गलबतांच्या जकातीचा ताळेबंद जुळवत जागला असेल,
दिव्यात तेल किती उरलंय ते बघत.

दुपारपर्यंत एक्केचाळीस घरं झाली.
बेचाळिसावं, बर्फाच्या कारखान्यामागचं,
द्वारका दोरकुळकरांचं.
त्या म्हाकूल निवडत होत्या,
अख्खं एका टोपलीत, तुटकं दुसऱ्या.
मला पाट दिला, म्हणाल्या,
हात गुंतलेत, कान मोकळे आहेत. विचारा.

फेरीला डिझेल किती लिटर?
परतावा मिळतो का? कधी?
"शिमग्याचा गणपतीत."
मी लिहिलं, विलंब : सहा महिने.

म्हाकुलाचा भाव का पडला?
त्यांनी ओलं बोट फळीवर ठेवलं.
"इथनं पेटी निघते. आधी अशी जायची, सरळ.
आता तिकडे गोळ्या सुटतात,
म्हणून हा एवढा वळसा."
रेघ फळीवरून उतरली, लादीवर आली,
आफ्रिकेचं टोक फिरून
माझ्या पायाच्या अंगठ्यापाशी थांबली.
"व्यापाऱ्याचे पंधरा दिवस वाढले,
ते त्यानं माझ्या टोपलीतनं कापले."

आमच्याकडे ह्यासाठी एक समीकरण आहे,
पावणेदोन पानांचं.
रेघ वाळायला मिनिटही लागलं नाही.

मग प्रश्न क्रमांक चौदा.
मी तो नेहमीसारखा भरभर वाचला :
गेल्या वर्षभरात परदेशातील घडामोडींचा
आपल्या कुटुंबावर परिणाम झाला का?
अजिबात नाही. थोडा. बराच. सांगता येत नाही.
योग्य पर्यायापुढे बरोबरची खूण करावी.

तेव्हा त्यांचे हात पहिल्यांदा थांबले.
पदराला पुसले, कनवटीचा मोबाईल काढला.
परेश. टँकरवर आहे. "साहेब नाय हां,
इंजिनात तेलपाणी बघतो."
सामुद्रधुनीच्या अलीकडे असला की लिहितो, 'आई, शिरतोय.'
पलीकडे आला की लिहितो, 'जेवलो.'
परवा रात्री पहिलं आलं.
त्यावर ह्यांनी लिहिलं, 'सांभाळ.'
त्या शब्दाखाली बरोबरची एकच खूण, करडी.
दुसरी अजून उमटायची आहे.

"बाप तेल जाळतो, लेक तेल वाहतो,
मधी मी ही निवडत बसते," म्हणाल्या,
आणि हसल्या, माझी पंचाईत होऊ नये म्हणून.

आमच्या प्रारूपात याला बाह्य धक्का म्हणतात.
बाह्य म्हणजे समीकरणाच्या बाहेरून आलेला.
दोरकुळकरांच्या घरात तो
चार्जरला लावून उशाशी ठेवतात.

कागद त्यांनी हातात घेतला, उलटा करून पाहिला,
मागं काही छापलेलं नव्हतं.
"चारातलं कुठलं ते त्याचं 'जेवलो' आलं की सांगते.
उद्या या. नायतर परवा."
आणि परत टोपलीकडे वळल्या,
कारण बर्फ कुणासाठी थांबत नाही.

संध्याकाळी दिल्लीहून सरांचा फोन :
गुरुवारी सादरीकरण, मंत्रालयाची माणसं येतील,
मुखपृष्ठाला बोटींचा एखादा फोटो काढ,
मावळतीचा असला तर उत्तम.
काढला. छान आलाय.
कोपऱ्यात बर्फाचा ट्रक आला होता, तो कापून टाकला.

वीज अजून नाही. एकतीस टक्के.
तक्ता सात : घरे बेचाळीस,
प्रश्न चौदाला प्रतिसाद एक्केचाळीस.
खाली बारीक अक्षरात एक टीप घातली आहे :
'एका घराने उत्तरासाठी वेळ मागून घेतला आहे.'

सर ती खोडतील.
त्याआधी विचारतील, किती वेळ?
त्या रकान्यात मी लिहून ठेवलंय :
माहिती उपलब्ध नाही.