तिसरी पसंती

सोळा एप्रिलला ईमेल आला: तिसरी पसंती.
पहिल्या शाळेपासून आमचं दार
चाळीस मीटर लांब पडलं, म्हणे.
चाळीस मीटर म्हणजे
पिकरिंगबाईंच्या कुंपणापासून टपालपेटीपर्यंत.
मी दोनदा मोजलं, घरातल्या सपाता घालूनच.

ग्लेन म्हणाला, नको घेऊ, अपील करू.
ग्लेन महिन्यातले वीस दिवस बोटीवर;
अपील तो लाटांकडे करणार.

रविवारी ओर्लाला घेऊन चालत गेले,
हंबरच्या वाऱ्यात, पुलावरून,
मासळीच्या कारखान्यामागून.
माझ्या पायांनी तेवीस मिनिटं. तिच्या पायांनी एकतीस,
कारण वाटेत एक मेलेला खेकडा होता.

शाळा बंद. फाटकाला कुलूप.
मी खिडक्यांत शोधत होते फुटकी काच,
नाही म्हणायला काहीतरी.
ती गजांत तोंड खुपसून म्हणाली,
"आई, छपराखालच्या खुंट्या बघ,
किती खाली आहेत!
माझा कोट मीच अडकवीन."

रात्री 'स्वीकार' दाबलं.
पहिल्या शाळेच्या प्रतीक्षा यादीतलं नाव
अजून काढलेलं नाही.
हे तिला सांगितलं नाही.
ग्लेनलाही नाही.