छातीचा घेर

तबेला क्रमांक अठरा, आरे.
रात्री दोनचं दूध काढून झालं की माझं काम सुरू:
शिंप्याची टेप, वही, कपाळाला बांधलेला टॉर्च.
एकेक रेडकू उभं करायचं,
पुढच्या पायांमागून टेप फिरवायची,
आकडा मोठ्याने म्हणायचा.
रामसूरत तोच आकडा त्याच्या बोलीत म्हणतो,
जुळला तर मी लिहितो.

रकाने कॉलेजने आखून दिलेत.
नर की मादी. आईचं वेत. जन्माचा महिना.
चीक किती तासांनी मिळाला.
इथे पहिले काही दिवस मी खरं लिहायचो:
चीक तासाभरात गोरेगावला जातो,
वेलची घातलेला खरवस होतो.

पहिलारूचं पिल्लू हलकं,
तिसऱ्या वेताचं भरदार.
श्रावणात जन्मलं की खाली ओल, पोटात जंत;
मार्गशीर्षातली पारडी अंग धरते.
आकडे हे बरोबर सांगतात.
आकड्यांवर माझा राग नाही.

पण पारडा असला की
पहिला आठवडा एकाहत्तर,
दुसरा एकाहत्तर,
तिसऱ्याला मी टेप घेऊन वाकतो
तर खुंटाला नुसतं दावं.
आणि आईपुढे, पेंढा भरलेलं, त्याचंच कातडं.
ती चाटते.
पान्हा सोडते.
बादली भरते.

सत्तावीस नंबर.
नर. पहिलारूचा. श्रावणातला.
कोष्टक बघितलं तर जगायलाच नको होता.
आठवड्याला तीन सेंटिमीटर वाढत गेला.
परुळकर मॅडमचा फोन आला, टेप सैल धरताय का?
परत मोजलं. तीनदा.
दर वेळी तो माझं कोपर चाटत होता.

मग एका रात्री लवकर गेलो, सव्वाबाराला.
दिवे बंद. शेठच्या खोलीत पंखा.
रामसूरत म्हशीच्या पोटाला डोकं टेकून
झोपल्याचं सोंग घेऊन बसलेला,
आणि पलीकडून सत्तावीस, मागच्या सडाला,
ढुशा देत,
तोंडाला फेस.

"एक सड बंद आहे हिचं," रामसूरत
डोळे न उघडता म्हणाला.
"शेठला तसंच सांगितलंय."

मी टॉर्च विझवला.
वहीत, शेऱ्याच्या रकान्यात, नीट अक्षरात लिहिलं:
एक सड निकामी.

आता कॉलेजात त्यावर बैठक आहे.
तीन सडांच्या म्हशीचं पिल्लू
इतकं वाढतंच कसं.