‘ची’ने संपणारे मासे

गणपती दुपारीच बोळवले.
मोदकपात्र घासून ओट्यावर उपडं घातलेलं,
माळ्यावर जायचं होतं,
तेवढ्यात बेल. समोरची, चारशे दोनमधली मी-सुक.

नवरा सातपूरच्या कारखान्यात,
ही गंगापूर रोडच्या चौथ्या मजल्यावर
दिवसभर फोनकडून मराठी वदवून घेते.
फोन म्हणाला :
“आपले वाफेचे भांडे उसने द्या.
उद्या माझे मेलेले जेवायला येणार आहेत.”

मी म्हटलं, माझेही.

तिची चुसॉक, माझ्याकडे सासऱ्यांचं श्राद्ध.
एकाच पुनवेवर दोन घरांची पानं.

रात्री तिच्या ओट्याशी तांदळाची उकड मळली.
मी सवयीने पाकळ्या काढत गेले,
तिने तीळ-मध भरून पारी दुमडली : अर्धा चंद्र.
पूर्ण का नाही?
पुऱ्याला फक्त उतरणं उरतं, म्हणाली.
खाली पाइनची पानं हवीत.
नाशकात कुठून आणू?
हळदीची दोन उरली होती, ती अंथरली.
झाकण उघडल्यावर तिने वास घेतला
आणि असं काही बोलली
की फोन गप्पच राहिला.

लसूण नाही. आमच्यातही नाही.
तिखट नाही.
पीच ठेवायचं नाही, त्याला भुतं बिचकतात,
आपली असली तरी.
मासा हवा (मी हळूच खिडकी उघडली),
पण ‘ची’ने संपणाऱ्या नावाचा नको :
गालची, सामची, क्कोंगची.
का गं?
हलके मानतात.

मला हसू आलं.
अर्ध्यावर थांबलं.
गायधनींची थोरली सून. सातभाईंची धाकटी.
सुहासची बायको, ओजसची आई.
वडे, खीर, अळू, आमसुलाची चटणी
सगळं माझ्या हातचं,
पिंडाला हात नवऱ्याचा.
आईचं पान रामकुंडावर भाऊ ठेवतो,
मला फोन येतो : शिवला.

मी-सुकने मान डोलावली.
तिकडेही तीन दिवस उभं राहून
नवऱ्याच्या आजोबांसाठी चिरायचं, तळायचं,
पुरुष ओळीने वाकतात,
“मग भांडी.”
हे वाक्य फोनने बिनचूक सांगितलं.

सकाळी तिचं दार सताड उघडं, येणाऱ्यांसाठी.
माझंही, गुरुजींसाठी.
लिफ्ट चौथ्यावर थांबली, दार सरकलं,
आत कोणी नव्हतं.
आम्ही दोघींनी पदर, ओढणी सारखी केली.
दार मिटलं. लिफ्ट खाली गेली.

मग वाटीत एक अर्धा चंद्र घेऊन
ती माझ्या गॅलरीत आली.
“तुझ्या आईचे नाव?”
गोत्र नाही, कुळ नाही, कुणाची ते नाही.
कमळजा, म्हटलं.
किती वर्षांनी नुसतं एवढंच.

कावळा अकराला आला.
वड्याकडे पाहून न पाहिल्यासारखं केलं,
वाटीतला चंद्र उचलला
आणि गंगेच्या बाजूला गेला.

गुरुजी दारातून म्हणाले, हे कुणी ठेवलं होतं?
तिने छातीवर हात ठेवून नाव सांगितलं.
गुरुजींना पहिलं अक्षर तेवढं ऐकू आलं :
मी.

ते पुढच्या शब्दासाठी थांबले.
मीही तेवढंच म्हटलं.