दोन रकाने

सफरचंदांच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून, उलटा करून
मी मधोमध रेघ मारली.
डावीकडे लिहिलं जुनं, उजवीकडे नवं.
थ्येनश्वेइहून निघायचं, बारा दिवस,
चार शहरं, तीन माणसं,
आणि आईच्या गुडघ्यांना झेपतील एवढ्याच पायऱ्या.

शीआनची वेस डावीकडे.
मातीचे सैनिक डावीकडे.
शांघायचा ढगात डोकं खुपसलेला मनोरा उजवीकडे.
छोंगछिंगची, इमारतीच्या पोटातून आरपार जाणारी मेट्रो
उजवीकडे, खाली दोन रेघा,
कारण ती मला पाहायची आहे.
दातोंगचा तट डावीकडे.

बाबा तिरफळं निवडत बसले होते,
लाल टरफलं एका सुपात, काळ्या बिया दुसऱ्यात.
मान वर न करता म्हणाले,
"दातोंग चुकीच्या बाजूला लिहिलंस, छिन्युए."
"सहाशे वर्षांचा तट आहे, बाबा."
"आतली माती सहाशे वर्षांची.
बाहेरची वीट माझी.
तू आठवीत होतीस. तुझा पहिला चष्मा
त्या तटातून निघालाय."

मी दातोंग खोडलं, पलीकडे नेलं.
मग वाटलं, निम्मं इकडे हवं होतं.
पुठ्ठ्यावर खोडलेलं नीट पुसत नाही.

"मनोरा तरी पाहिलाय का?"
"एकोणसाठावा मजला पाहिलाय. बाहेरून.
कमरेला दोर, हातात काच.
धुकं असायचं. खाली शहर आहे
असं मुकादम सांगायचा."
मी वर जायच्या तिकिटाचा दर वाचून दाखवला
तसे ते खो खो हसले:
"माझ्या वेळी वर जायचे तेच पैसे द्यायचे!"

आई आत लसूण सोलत होती.
तिने दोनच गावं पाहिलीत, एक जन्माचं, एक लग्नाचं,
आणि मधे एक ओढा आहे फक्त.
हात पुसत बाहेर आली, पुठ्ठ्यावर वाकली,
अक्षरं तिला दिसत नव्हती, तरी वाकली.
"मला तट नको, मनोरा नको.
देशुन झोपायचा कुठे, ते दाखवा.
अठरा वर्षं फोनवर विचारलं, जागा बरी आहे ना,
अठरा वर्षं हा म्हणाला, उत्तम."

एक काळी बी लाल सुपात पडली.
बाबांनी ती उचलली नाही.
"ते आता कुठलं असायला?
पत्र्याच्या खोल्या, वर-खाली बारा जण.
काम संपलं की सगळ्यात आधी
त्याच उचलून न्यायचे."

तरी मी फोनवर नकाशा उघडला.
त्यांनी तिरफळाच्या बोटाने तो मोठा केला,
अजून मोठा,
नदीचं वळण ओळखलं, एक पूल ओळखला,
मग बोट थांबलं:
भुयारी मेट्रोचं चौथं दार, शेजारी चहाचं दुकान.
"इथे. वरची फळी. पायाशी खिडकी होती."
आईने चष्मा मागितला, माझाच,
आणि त्या दुकानाकडे
बघण्यासारखं काही असल्यागत
बघत राहिली.

ना हा रकाना, ना तो.
पुठ्ठ्याच्या कडेला, जिथे छापलंय
'जपून, आत फळ आहे',
तिथे मी बारीक अक्षरात लिहिलं: दार क्रमांक चार.

मग उरली कामं. आरक्षण पंधरा दिवस आधी उघडतं,
गजर लावायचा. गुडघ्याचा पट्टा. उकडलेली अंडी.
खिडकीची जागा आईला द्या, बाबा म्हणाले,
मला ठाऊक आहे बाहेर काय आहे.
थोड्या वेळाने म्हणाले, म्हणजे, तेव्हा होतं ते.

छोंगछिंगला मात्र ते कधीच गेले नव्हते.
झोपायच्या आधी येऊन दारात उभे राहिले:
"ती गाडी खरंच घरांच्या आतून जाते?"
"हो. सहाव्या-सातव्या मजल्यावरून."
"आणि वर माणसं राहतात?"
"राहतात."
"झोप लागते त्यांना?"