चार मिलिमीटर

चौतीस वर्षं ए.जी. ऑफिसात दुसऱ्यांच्या बेरजा तपासल्या,
तेव्हा कॅमेरा घ्यायचा म्हणजे तक्ता आखणं आलंच.
रकाने पाच: वजन, रुंदी, धूळ, किंमत,
आणि डोळा लावायला भोक आहे की नाही.
शेऱ्यासाठी उजवीकडे समास सोडला.

हेमलता फणसे म्हणाली, मोबाइल आहे की तुझ्याकडे.
आहे.
पण चंबळच्या बीहडात दुपारी बाराला
त्याच्या काचेत मला फक्त माझा चष्मा दिसतो.

नया बाजारात खेमचंदानीनं दोन काढून ठेवले,
साबणाच्या वड्यांसारखे, शेजारी शेजारी.
एक अठ्ठावीसचा, एक चोविसाचा.
आकडा जितका लहान तितकं आभाळ जास्त.
म्हटलं, असला हिशेब
आमच्या सेक्शनमध्ये पास झाला नसता.

फरक चार मिलिमीटरचा.
तिळाच्या दीड दाण्याएवढा.
त्याचे साडेसहा हजार?

दिगंबरदादाचा कॅमेरा कातडी पिशवीत असायचा.
एकोणऐंशी साली, तिघरा धरणावर
आम्ही अकरा जण ओळीनं उभे,
आणि तो मागे, अजून मागे,
"मावत नाही, मावत नाही" म्हणत
कमरेपर्यंत पाण्यात गेला, कॅमेरा डोक्यावर धरून.
धुऊन आला तेव्हा फोटोत दहा जण होते
आणि उजव्या कडेला एक कोपर, फुग्याच्या बाहीतलं.
ती मी.
आईनं तो मढवून आणला.
फ्रेमवाल्यानं कोपरही कापलं.

"कडेचा माणूस मात्र ताणला जातो हां,"
खेमचंदानी प्रामाणिकपणे म्हणाला.
"गाल पसरतात. तिथे कुणाला उभं करू नका."
कुणी तरी असतंच तिथे, मी म्हटलं.
आणि समासात लिहिलं: ताणलेलं चालेल.

पट्टा लावून देताना दुकानातला पोरगा, भूपेंद्र,
माझ्याकडे न बघताच बोलला,
"वाइड लेके पीछे नहीं हटते, आंटी. आगे जाते हैं."
ह्याला रकाना नव्हता.

फुलबागेपाशी आले. जानेवारीचं ऊन पाठीवर.
समोर किल्ला; एक टोक बघावं तर दुसरं निसटतं,
जन्मभर असाच पाहिलाय, तुकड्यातुकड्यानं.
चोविसात आख्खा मावला.
मावला, आणि बेरजेखाली मारतात
तेवढी आडवी रेघ झाला.
बाकी सगळं डांबर.
असे बारा काढले.
बारा डांबराचे.

मग त्या पोराचं आठवून एक पाऊल पुढे टाकलं.
आणखी एक.
गजकवाल्याच्या हातगाडीपर्यंत,
परातीच्या काठापर्यंत,
त्याच्या छातीतली सर्दी ऐकू येईपर्यंत.
नोकरीत इतक्या जवळ कधी गेले नव्हते कुणाच्या.
तिथे कागद यायचे टेबलावर. माणसं यायची ती
कागद अडला म्हणून, आणि खुर्चीपलीकडेच उभी राहायची.
पाव किलो देऊ? म्हणाला,
आणि चवीला एक तुकडा पुढे केला.
तेवढ्यात बटण दाबलं गेलं.

संध्याकाळी हेमलतेनं पुन्हा पुन्हा पाहिला.
हात केवढा! परातीहून मोठा,
नखांत तीळ, मनगटावर उसवलेली लोकर,
अंगठ्याच्या मागे, दूर, तो किल्ला,
कुणी उष्टा ठेवावा तसा.
"आणि हे काय गं, उजवीकडे?"
चष्मा पुसून बघितलं.
कडेला, परातीवरून रस्त्यावर सांडलेली,
ताडासारखी लांब झालेली एक सावली;
डोळ्याला काही तरी लावलेलं,
आणि बाजूला काढलेलं कोपर.
सबंध.

पैसे दिलेली गजक गाडीवरच राहिली होती.