सोबतच्या व्यक्तीचे नाव

डॉक्टर नौशीन लगेच तोंडात बघत नाहीत.
खुर्ची सरळ ठेवतात, माझ्याएवढ्या उंचीवर बसतात
आणि विचारतात, भीती कधीपासून वाटते?
जसं कुणी विचारावं, उदगिरात कधीपासून राहता?

मी सांगते: बाजारचा दिवस. पोत्यावर मांडलेले दात,
रॉकेलच्या डब्यात बुडवलेला चिमटा,
अण्णांचे दोन्ही तळवे माझ्या कानांवर.
ते म्हणत होते, झालं, झालं,
आणि झालं नव्हतं.

तेव्हापासून मी डाव्या बाजूनं जेवते.
भाकरी डावीकडं, शेंगदाण्याची चटणी डावीकडं.
हुरडा तर सोडूनच दिला.
एकोणतीस वर्षं टायपिंगच्या वर्गात
पोरांना सांगत आले, दहाही बोटं वापरा,
एकाच हातावर भागवायची सवय वाईट.

त्या कागदावर काढून दाखवतात.
नाकावर मास्क, गोडसर वायू; बोटांना मुंग्या येतील,
कदाचित हसू येईल, बंद केला की पाच मिनिटांत उतरेल,
तुम्ही चालत घरी.
किंवा गोळी: एक रात्री, एक निघायच्या तासभर आधी.
किंवा हाताच्या शिरेतून. बुधवारी लातूरहून भूलतज्ज्ञ येतात.
जाग्या असाल, सांगितलं की तोंड उघडाल,
नंतर फारसं आठवणार नाही.
पूर्ण झोप हवी तर लातूरलाच, उपाशीपोटी,
पण एका अक्कलदाढेसाठी…

भूल.
रानात ओळखीची वाट चुकवते ती भूल.
आडत दुकानांची पत्रं मी टाइप करायची,
हिशेबाच्या तळाशी: भूलचूक देणेघेणे.
इथं ती मिलीग्रॅममध्ये मिळते,
वजन बघून, बीपीच्या गोळ्या विचारून.

आधी वायू करून बघितला.
मास्कला व्हॅनिलाचा वास. बोटं खरंच हलकी झाली,
मांडीवर मधल्या ओळीचा सराव करायला लागली.
मग ट्रेमध्ये चिमटा वाजला
आणि मी, साठीची बाई,
मास्कसकट उठून बसले.

म्हणून शीर. म्हणून बुधवार.
म्हणून हा फॉर्म:
औषधानंतर चोवीस तास गॅस पेटवू नये,
कशावर सही करू नये, एकटं राहू नये.
सोबतच्या व्यक्तीचे नाव.
रुग्णाशी नाते.

ह्या भीतीवर काही मिळतं का,
हे मी डॉक्टरांना विचारलं नाही.
भाऊ बिदरला, त्याचे गुडघे गेलेले.
शेजारच्या मंगलबाईशी बोलणं बंद,
कारण आता मलाही सांगता येणार नाही.
फॉर्म चार दिवस पर्समध्ये, घडीवर घडी.

मंगळवारी पाण्याचा जार घेऊन रेवण आला.
तीसच्या स्पीडला दोनदा नापास झालेला,
करंगळी कधीच न वापरणारा.
जार उतरवून म्हणाला, बाई, गाल सुजलाय की.
सांगितलं. सगळं नाही.
उद्या दुपारपर्यंत टेम्पो मोकळाच हाय, म्हणाला, बसतो की मी.

नाते: विद्यार्थी, असं लिहिलं.
मग खोडलं.
काय लिहावं सुचेना, तसंच दिलं,
खोडलेलं.

हातात थोडं गार वाटेल, असं भूलतज्ज्ञ म्हणाले.
काचेच्या दारातून रेवण आत डोकावला,
भेऊ नका बाई, मी हाव भाईर.
त्याच्या अंगठ्यावर जारच्या झाकणाचा निळा रंग.
मी तोंड उघडलं.

मधलं नाही.
एवढंच, की कुणीतरी म्हणत होतं, झालं, झालं,
बाईचा आवाज होता,
आणि माझे कान मोकळे होते.

संध्याकाळी भात त्यानंच शिजवला, फार पातळ, मीठ विसरून.
टेम्पोत रिकामे जार एकमेकांवर आपटत होते
आणि मी म्हणे सारखी ओरडत होते,
करंगळी, रेवण, करंगळी!
तो हसून सांगतो.
मी कबूल करत नाही.