पंधरा पेसो

दुरांगोच्या माळावर त्यांनी लाकडाचं गाव उभारलं,
पुढून चर्च, मागून नुसते टेकू.
माझा भाऊ एलेउतेरिओ तिथं दिवसाला चारदा मरायचा.
बारा पेसो मरणाचे,
घोड्यावरून पडलं तर पंधरा.

दिग्दर्शक चक्रम. म्हणायचा, आज बंदुका नकोत,
आरसे घेऊन लढा.
उन्हाच्या तिरिपेनं माणसं धडाधड कोसळायची,
गळे चिरल्यासारखी,
आणि एक आंधळी बाई प्रेतांवर मीठ पेरत जायची.
आम्हाला काही कळलं नाही.
मीठ मात्र खरं होतं,
रात्री त्याच्या केसांतलं झटकून मी डब्यात भरलं.

सदरे मीच धुवायचे.
रक्त बिटाचं, वर साखरेचा पाक.
दोरीवरसुद्धा मुंग्या चढायच्या.

तीन वर्षांनी, खाणीच्या संपात,
फाटकापाशी एलेउतेरिओ पडला.
घोडा नव्हता. 'कट' कुणी म्हणालं नाही.
लोक म्हणतात, पडला मात्र अगदी सिनेमातल्यासारखा,
एक हात उशाला घेऊन.

सदरा मी सवयीनं बादलीत टाकला,
पाणी बदललं, परत बदललं,
मग दोरीखाली बसून राहिले
मुंग्यांची वाट बघत.